नाक्यावर सोडलं, तो उपकार होता का?

प्रश्न : मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. गेल्या ३१ डिसेंबरला रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्याकडे टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. धाकट्याला वर पळवला. १०८ ला फोन लागला, पण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. मग मी मोटरसायकल काढली. बाबांना मध्ये बसवलं, मागे भाऊ, आणि बाबा कलंडू नयेत म्हणून टॉवेलने त्यांना माझ्या कमरेशी बांधलं. हेल्मेट नाही, तिघं एका गाडीवर, लायसन घरीच राहिलेलं.

जव्हारच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदारांनी हात दाखवला, मी थांबलो, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी आधी माझ्या तोंडासमोर ते फुंकायचं मशीन धरलं. मग बॅटरी बाबांच्या तोंडावर मारली. एवढ्या थंडीत बाबांचा सदरा घामाने चिंब झाला होता. "कधीपासून?" "तासभर झाला." पुढे काही विचारलं नाही. मागून पर्यटकांची एक इको येत होती, ती थांबवली, स्वतः टॉवेल सोडला आणि बाबांना नि भावाला त्या गाडीत बसवलं. मला म्हणाले, "तू मागून ये. सावकाश ये. आता तुला घाई नाही." तेवढ्यात त्यांनी कुटीर रुग्णालयात फोनही लावला होता. पावती फाडली नाही. घाबरलेलो होतो, त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

बाबा आता बरे आहेत. गावातली माणसं म्हणतात, नशीब म्हणून चांगला माणूस भेटला. माझा मेहुणा भिवंडीला रिक्षा चालवतो, तो म्हणतो, त्याला सोडायचा अधिकारच नव्हता, उपकार समज. खरं काय? पोलिसाला असं सोडता येतं का?

— एक वाचक, मोखाडा

उत्तर : तुमचे गावकरी आणि तुमचा मेहुणा, दोघंही अर्धे बरोबर आहेत. त्यांच्या अर्ध्या अर्ध्या बाजू जोडल्या तरी उत्तर मात्र पुरं होत नाही.

मेहुण्यापासून सुरुवात करू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात गुन्हे लिहिलेले आहेत, दंड लिहिलेले आहेत, पण 'घरचं माणूस अत्यवस्थ असल्यास गाडी सोडावी' असं कलम शोधाल तर सापडणार नाही. हेल्मेट नसणं हा गुन्हाच आहे, ट्रिपल सीट हाही गुन्हाच, मग मागे बाबा असोत की आणखी कुणी. इथपर्यंत मेहुण्याचं म्हणणं खरं.

पण हाच कायदा पोलिसाच्या हातात जे अधिकार देतो, त्यांची क्रियापदं वाचण्यासारखी आहेत. दंड भरून घेऊन प्रकरण मिटवायचं कलम २०० चं. गाडी अडकवून ठेवायचं २०७ चं. दोन्ही ठिकाणी भाषा 'करता येईल' अशी आहे, 'केलंच पाहिजे' अशी नाही. २०७ मध्ये तर आणखी एक दार किलकिलं ठेवलंय. लायसन किंवा परमिट नाही असं वाटलं तरी गाडी न अडकवता नुसतं तिचं नोंदणीपत्रक ठेवून घ्यावं, पोचपावती द्यावी, गाडी जाऊ द्यावी, अशी सोय त्या कलमातच आहे. हा कायदा लिहिणाऱ्यांनी रस्ता पाहिलेला होता. रस्त्यावर कधी काय समोर येईल ते दिल्लीत बसून लिहिता येत नाही, हे त्यांना कळत होतं, म्हणून तेवढी जागा त्यांनी नाक्यावरच्या माणसासाठी मोकळी सोडली. सरकारी मराठीत या जागेला 'स्वेच्छाधिकार' म्हणतात. शब्द फसवा आहे. वाचून वाटतं, साहेबांची मर्जी. अर्थ असा की परिस्थिती पाहून ठरवायचं, आणि का ठरवलं ते विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.

आता तुमच्या मेहुण्याला माहीत नसलेली गोष्ट. बहुतेक पोलिसांनाही ती प्रशिक्षणानंतर कुणी आठवून दिलेली नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा. त्याच्या कलम ६६ मध्ये पोलिसाची जनतेबद्दलची कर्तव्यं दिली आहेत, आणि त्यातलं अगदी पहिलंच असं की रस्त्यावर जो अपंग किंवा असहाय माणूस असेल त्याला आपल्या ताकदीत असेल ती सगळी मदत करायची. टॉवेलने बांधलेला, घामाने भिजलेला म्हातारा असहाय नसेल तर मग कोण असेल? मोटार वाहन कायदा म्हणतो दंड करता येईल. पोलीस अधिनियम म्हणतो मदत करणं हे कर्तव्य आहे. दोन कायदे एकाच रात्री, एकाच नाक्यावर, एकाच माणसाच्या खांद्यावर बसले, तर जड कुठला, हे सांगायला वकील लागत नाही.

त्यामुळे मी त्याला उपकार म्हणणार नाही. त्या हवालदारांनी नेमून दिलेलं काम केलं, आणि फार चांगलं केलं.

किती चांगलं, ते पाहायला तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. सगळ्यात आधी त्यांनी तुम्हाला फुंकायला लावलं. हे तुम्हाला कदाचित लागलं असेल, बाप मरायला टेकलाय आणि हा माणूस मशीन पुढे करतोय. पण ती रात्र ३१ डिसेंबरची. प्यायलेल्या माणसाच्या हातात बाबांना पुढच्या वळणावर पाठवलं असतं तर त्याला दया म्हणता आलं असतं का? रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर दारू असली की गुन्हा, आणि इथे सूट नसावी असं माझं स्वच्छ मत आहे. मशीन वाजलं असतं तर योग्य गोष्ट एकच होती. तुम्हाला खाली उतरवायचं, बाबांना दुसऱ्या गाडीने पुढे धाडायचं, आणि तुमच्यावर गुन्हा नोंदवायचा. दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात.

मग त्यांनी बॅटरी गाडीच्या नंबरप्लेटवर न मारता बाबांच्या तोंडावर मारली. विचारलं ते "कधीपासून?" एवढंच. रुग्णालयातला डॉक्टरही हृदयाच्या पेशंटला पहिल्यांदा हेच विचारतो. आणि मग, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी तुम्हाला नुसतं सोडलं नाही. "जा जा, लवकर जा" म्हणाले असते तरी तुम्ही आयुष्यभर दुवा दिली असती. पण मग थंडीने आखडलेल्या हातांनी, तीन माणसांची मोटरसायकल घेऊन, घाईने, अंधारात तुम्हीच पुढची वळणं घेतली असती. हेल्मेटचा आणि ट्रिपल सीटचा नियम ज्या भीतीपोटी झाला, ती भीती नाक्याच्या पुढेही तशीच उभी होती. त्यांनी पावती फाडली नाही, पण नियमामागची काळजी मात्र पुरती पाळली. पेशंट चार चाकांत, भाऊ त्याच्यासोबत, मोटरसायकलवर एकटा माणूस, तोही सावकाश. फोन पुढे गेलेला.

सोडणं सोपं असतं. या माणसाने पोचवलं.

आता गावकऱ्यांच्या 'नशीब' या शब्दाकडे येऊ, कारण तो मला जास्त टोचतो. जव्हार-मोखाड्यात मोटरसायकल ही ॲम्ब्युलन्स का होते, हा प्रश्न नाक्यावर सुटणारा नाही. मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, आणि तिथे जमलं नाही की चिठ्ठी मिळते ती नाशिकच्या सिव्हिलची. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक असा रस्ता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात 'गोल्डन अवर'ची व्याख्या घातली गेली. गंभीर इजा झाल्यापासूनचा पहिला तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आपल्या पाड्यांवर तो तास पाड्यावरून डांबरी रस्त्याला येण्यातच संपतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या महिन्यात, मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीच्या एका बाईला घरीच मुदतीआधी जुळी झाली. दोन्ही बाळं गेली. रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिला डोलीत घालून सुमारे ३ किलोमीटर डोंगरवाटेने रस्त्यावर आणावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत सहा वर्षांचं एक पोर जव्हारच्या रुग्णालयात दगावलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पैसे मागितले असा घरच्यांचा आरोप होता. पैसे नव्हते, तर बापाने मुलाचा देह मोटरसायकलवरून पाड्यापर्यंत नेला, रात्री, थंडीत. आणि जून २०२५ मध्ये जोगलवाडीच्या एका बापाने, नाशिकच्या रुग्णालयात मृत जन्मलेली आपली मुलगी पिशवीत घालून एसटीने गावी आणली. त्या प्रकरणात, ॲम्ब्युलन्स वेळेवर आली नाही म्हणून जाब विचारला तेव्हा पोलिसांनी मारहाण केली, असाही त्या बापाचा आरोप होता.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. तुमच्या पत्रातला हवालदार आणि त्या आरोपातला हवालदार एकाच खात्याचे, एकाच भागातले. दोघांसमोर एकच गोष्ट होती, घरच्या माणसासाठी कासावीस झालेला माणूस. कासावीस माणूस आवाज चढवतो, त्याला नीट सांगता येत नाही, तो उद्धट वाटतो. तुम्हाला तर शब्दच फुटला नाही. ज्याला कासाविशीतला आणि मुजोरीतला फरक ओळखता येतो, त्याच्या हातातला स्वेच्छाधिकार माणूस वाचवतो. ज्याला येत नाही, त्याच्या हातात तो नुसता दंडुका.

अशा रात्री पाड्यावरून निघालेल्या माणसाला डॉक्टर पुढे कधीतरी भेटतो, तहसीलदार भेटतच नाही. नाक्यावरचा पोलीस हाच त्याला भेटणारा पहिला सरकारी माणूस असतो. सरकार आहे की नाही, ते तिथे ठरतं.

फरक ओळखता न येण्याचं एक उदाहरण जगभर गाजलं होतं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसजवळ रायन मोट्स नावाचा व्यावसायिक फुटबॉल खेळाडू सिग्नल मोडून थेट रुग्णालयाच्या दारात गाडी घेऊन गेला. आत त्याची सासू शेवटच्या घटका मोजत होती. पोलीस अधिकाऱ्याने त्याला तिथेच, दारात, तेरा मिनिटं अडवून ठेवलं, दंडाचा कागद लिहिला आणि वर वागणुकीचे धडे दिले. रुग्णालयातली माणसं बाहेर येऊन सांगत होती की खरंच सासू चालली आहे. मोट्स आत पोचला तेव्हा ती गेलेली होती. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं चित्रित झालेलं होतं. शहराच्या पोलीसप्रमुखांनी माफी मागितली, अधिकाऱ्याने राजीनामा दिला. सिग्नल तर मोडलेला होताच, कायद्याने अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं असं म्हणणारेही तिथे होते. पण रुग्णालयाच्या दारात उभं राहून, आत जाऊन खात्री करायला दोन मिनिटं लागली असती, ती त्याने घेतली नाहीत. कागद नंतर दिला असता तरी दंड कुठे पळून जात नव्हता.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेलं असेल. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराचे न्यायाधीश फ्रँक कॅप्रिओ. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले. त्यांच्यासमोर ९६ वर्षांचा एक म्हातारा उभा राहिला, शाळेच्या परिसरात गाडी वेगाने चालवल्याबद्दल. कॅन्सर झालेल्या आपल्या मुलाला रक्ततपासणीला नेत होतो, म्हणाला. मुलगा साठी उलटलेला. कॅप्रिओंनी खटला काढून टाकला. तो व्हिडिओ पाहून आपल्याकडे डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात, पण त्यात नकळत एक व्यवस्था दिसते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दंड लागला तरी त्या म्हाताऱ्याला 'का' ते सांगायला कुणीतरी समोर बसलेलं होतं. आपल्याकडे खांबावरच्या कॅमेऱ्याने ई-चलान काढलं की ते 'का' सांगायचं कुणाला? महाट्रॅफिकच्या ॲपवर तक्रार नोंदवता येते, न्यायालयात जाऊन चलान नाकारताही येतं. लोकअदालतीत तडजोड होते. पण तिथे भाव होतो, गोष्ट ऐकली जात नाही. कॅमेऱ्याला घामाने भिजलेला सदरा दिसत नाही. जव्हारच्या रस्त्यावर अजून माणूस उभा असतो, हे त्या रात्री तुमच्या पथ्यावर पडलं.

आणि दंडाचंही एक बोलू. हेल्मेट नसल्याचा दंड महाराष्ट्रात ५०० रुपये आहे, लायसनशिवाय गाडी चालवण्याचा ५,०००. वांद्र्यात तेवढाच आणि मोखाड्यात तेवढाच. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. ५,००० रुपये म्हणजे सोळा दिवस, तेही काम मिळालं तर. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात, त्या तालुक्यात सोळा दिवसांची मजुरी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. दंड माफ करा असं माझं म्हणणं नाही. पण पावती फाडणाऱ्याला समोरच्याचे हे दिवस मोजता यावेत.

आता हवालदारांची बाजू, नाहीतर उत्तर लंगडं राहील. नाक्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, रोज किती जणांची आजी वारते. 'साहेब, दवाखान्यात निघालोय' हे महाराष्ट्रातलं सगळ्यात वापरलेलं वाक्य असेल. एकाच माणसाची एकच आजी एकाच पावसाळ्यात दोनदा गेल्याचं एका निवृत्त फौजदारांनी मला हसत हसत सांगितलं होतं. खोटं बोलणाऱ्यांमुळे खरं बोलणाऱ्यांच्या वाट्याला संशय येतो, हा पोलिसाचा दोष नाही, आपला आहे. शिवाय सोडल्यानंतर त्याच गाडीला पुढे अपघात झाला तर 'नाक्यावर अडवली होती, मग सोडली का?' हे त्यालाच विचारणार. आणि ही जी मोकळी जागा आहे, तिच्यातच चिरीमिरीचं गवतही उगवतं. 'समजून घ्या ना साहेब' याचे आपल्याकडे दोन अर्थ होतात, ते तुम्हाला माहीत आहेत.

यावर उपाय तुमच्या हवालदारांनी करून दाखवला. खात्री करायची असेल तर पेशंटकडे बघायचं, किंवा पेशंट पुढे असेल तर त्या दवाखान्यात फोन लावायचा, नाहीतर गाडीचा नंबर टिपून पुढे जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कागद दाखवायला बोलवायचं. खोटा निघाला तर पावती तेव्हा फाडता येते. नोंद केली की सोडण्यात लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि चिरीमिरीलाही तोंड राहत नाही.

तुमचं प्रकरण उद्या न्यायालयात गेलंच असतं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चा आधार मागता आला असता. मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेली गोष्ट गुन्हा होत नाही, असं ते कलम सांगतं. आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणाऱ्या माणसाचं उदाहरण कायद्यात दिलेलं आहे. पण ते न्यायाधीशाने ठरवायचं. रात्री नाक्यावर कलम १९ सांगत बसू नका. बाबांकडे बोट दाखवा, तेवढं पुरतं.

प्रश्न : आमची जीप आहे. गावात कुणी नाशिकला दगावलं की मयत आणायला मलाच बोलावतात. परमिट नसताना मयत आणि सोबतची माणसं नेली तर गाडी धरतात का?

— एक जीपवाला, खोडाळा परिसर

उत्तर : स्वतःच्या घरच्या मयतासाठी, भाडं न घेता खाजगी गाडी नेलीत तर परमिटचा प्रश्नच येत नाही. भाड्याने जाणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये एक अपवाद आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. मृतदेह आणि त्याच्यासोबतची शोक करणारी माणसं, केवळ यांना नेण्यासाठी वापरलेल्या वाहनाला परमिटची अट लागू होत नाही. इथे 'केवळ' हा शब्द जड आहे. मयत मागे आणि पुढच्या सीटवर त्र्यंबकचे दोन भाडोत्री प्रवासी, असं असेल तर हा अपवाद विसरा. अपवाद परमिटपुरताच आहे, विमा आणि लायसन लागतंच. रुग्णालयाचा मृत्यूचा कागद पुढच्या काचेला न चिकटवता खिशात ठेवा. विचारलं तर दाखवा. गावाला दाखवत नेऊ नका.

आणि एक विनंती. या भाड्याचा भाव रात्री रुग्णालयाच्या फाटकात ठरवू नका.

प्रश्न : पेशंट गाडीत असेल तर खिडकीतून पांढरा रुमाल हलवत, हॉर्न वाजवत सिग्नल तोडला तर चालतो असं ऐकलं आहे. खरं का?

— एक शिक्षिका, जव्हार

उत्तर : रुमालाला कायद्यात जागा नाही, लोकांच्या मनात आहे. लोक बाजूला होतात, आणि ते चांगलंच आहे. पण सिग्नल ओलांडायची, वेगमर्यादा मोडायची मुभा २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनी ॲम्ब्युलन्स, अग्निशमन अशा गाड्यांनाच दिली आहे, तीही पूर्ण काळजी घेऊन. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीला वाट न देणाऱ्याला काही होत नाही. शहरात पोलीस ठरवून रस्ता मोकळा करतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला प्रत्यारोपणासाठी हृदय आलं, तेव्हा दोन्ही शहरांच्या पोलिसांनी तसा रस्ता करून दिला होता. जव्हारला सिग्नलची अडचण कमी, रस्त्याची जास्त. तेव्हा हॉर्नपेक्षा निघायच्या आधी दोन फोन उपयोगी पडतात. ॲम्ब्युलन्ससाठी १०८. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२. आणि तुमची स्वतःची गाडी निघाली असेल तर ११२ वर गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि पेशंटला काय झालंय ते सांगा. नाका असेल तर गोष्ट तुमच्या आधी तिथे पोचण्याची थोडी तरी शक्यता असते.

ता. क. पहिल्या पत्रलेखकासाठी. हवालदारांचं नाव विचारायचं राहिलं, याची खंत तुमच्या पत्रात आहे. नाव नसलं तरी चालतं. ३१ डिसेंबरची रात्र, अंदाजे वेळ आणि नाका कुठला, एवढं लिहून एक साधं पत्र जव्हार पोलीस ठाण्याला द्या आणि त्याची प्रत पालघरला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला पाठवा. त्या रात्री नाकाबंदीला कुणाची ड्युटी होती, ते ठाण्याच्या नोंदीत असतं. तक्रारअर्जांनी त्यांचे टेबल भरलेले असतात, असं पत्र क्वचित येतं. त्यात तुमच्या मेहुण्याचा 'उपकार' हा शब्द घालू नका. 'कर्तव्य' लिहा. आणि इकोवाल्या पर्यटकांचा नंबर भावाच्या लक्षात असेल, तर त्यांनाही फोन करून कळवा की बाबा बरे आहेत. त्यांच्या मनात अजून ते असेल.